जपानवाल्याचा डावा हात

गोंडपिपरीहून निघालेली एसटी कोठारीच्या पुढे जंगलात थांबली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. पुढे बांबूचा ट्रक कलंडून रस्ता अडला होता. माणसं कपाळाला आठ्या घालून खाली उतरली, ड्रायव्हरने बिडी पेटवली, आणि मुखरूच्या मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं. प्रदर्शन पाचला बंद होणार होतं आणि आजचा दिवस शेवटचा होता. गाडी अशीच दोन तास उभी राहिली असती तर सगळंच परस्पर निभावलं असतं. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. सोळा वर्षं ज्या चित्रावर जीव लावला ते चित्र खरंखुरं जपानातून चंद्रपुरात आलं होतं, आणि हा गडी रस्ता अडल्याचा आनंद मानत होता.

चित्राशी त्याची गाठ पडली ती एका कॅलेंडरावर. जाळ्याचं सूत विकणाऱ्या चंद्रपूरच्या एका दुकानाने २००९ साली गिऱ्हाइकांना वाटलेलं ते कॅलेंडर. बारा महिन्यांना मिळून एकच चित्र, इतका तो दुकानदार हात राखून होता. पण चित्र असं की मुखरू ते घेऊन घरी आला आणि जेवायचं विसरला. कुठली तरी जपानी नदी, निळं उसळलेलं पाणी, काळ्या खडकाच्या टोकावर गुडघे वाकवून उभा असलेला एक ढिवर, म्हणजे मासेमार, आणि त्याने नुकतंच फेकलेलं जाळं हवेत पूर्ण उघडलेलं. मुखरू स्वतः ढिवर, फेकजाळं विणण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने जाळ्याची घरं मोजली, कडेचा झोल पाहिला, आणि धाकट्या भावाला, लटारूला, हाक मारली. "हे काहाडणाऱ्यानं सोता जाळं फेकलं हाये," तो म्हणाला. "नाईतर हा झोल कोनाले काहाडता येत नाई."

वर्ष संपलं, तारखांचे कागद फाडून झाले, चित्र भिंतीवरच राहिलं. दोघे भाऊ त्या माणसाला जपानवाला म्हणत. लटारू मासे धरायला निघताना दारातून विचारायचा, "काय जपानवाले भाऊ, येता काय?" शकुबाई, मुखरूची बायको, म्हणायची की या घरात देवापेक्षा कागदावरच्या माणसाचा मान मोठा हाये. तिचं काही चुकत नव्हतं.

चित्रात उणीव एकच होती. दुकानाच्या नावाची आणि फोन नंबरांची लाल पट्टी खालून अशी छापली होती की जपानवाल्याचा डावा हात कोपरापासून तिच्याखाली गेला होता. जाळ्याची दोरी त्या हाताकडे यायची आणि पट्टीत नाहीशी व्हायची. ती दोरी मनगटाला बांधली होती की मुठीत धरली होती, ते कळत नव्हतं.

एवढ्याशा गोष्टीने मुखरूची झोप सहा वर्षांपूर्वी उडाली होती आणि ती अजून परत आली नव्हती.

एसटीत त्याच्या मागच्याच बाकावर रंजीता बसली होती, लटारूची बायको, आणि तिच्या शेजारी तिची पोरगी मयुरी. मयुरी चंद्रपूरला नर्सिंग शिकत होती. सुट्टीला गावी यायच्या आधी तिनेच कॉलेजच्या भिंतीवर जाहिरात पाहिली, तिच्यावर नुसतं उघडलेलं जाळं छापलं होतं, आणि फोन केला, की मोठेबाबा, तुमचा जपानवाला आला आहे, आता तुम्हाला घेऊनच जाते. आईला तिने ओढून आणलं होतं असं मुखरूला वाटत होतं. पण रंजीता सकाळी स्वतःहून नवी चप्पल घालून अंगणात उभी होती.

त्यांच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर बोलायचं नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. तिसरं कुणी नसेल तर खांबाला सांगायचं. पंचवीस वर्षांत मुखरूच्या घरातल्या खांबाला, मांजराला आणि पाण्याच्या रांजणाला इतके निरोप मिळाले होते की ती मंडळी बोलायला लागली असती तर घरचा सगळा इतिहास सांगू शकली असती. मुखरूने ते ऐकायचं आणि त्याप्रमाणे वागायचं. उत्तर द्यायचं बंधन त्याच्यावर नव्हतं.

आताही रंजीता मयुरीशी बोलत होती, पण आवाज पुढच्या बाकापर्यंत येईल असा लावलेला होता.

"परवा तुले पाहाले पाहुने येतीन. तुया बाप कसा मेला ते विचारतीन. लपवजो नको. पिऊन मेला म्हनून सांगून दे. त्यायले गावातून कळलंच असन."

"आई, बाबा पित नव्हते."

"रोज नव्हता पित. त्या दिशी पिला असन. नाईतर तुया बाप बुडते काय? भर पुरात वैनगंगा आरपार करे तो." रंजीताने पदर पुढे ओढला. "त्या दिशी सकाळी मी भांडली होती त्याच्याशी. तेलाच्या डब्यावरून. तोंडाले येईन ते बोलली. म्हनून गेला असन मोहाची प्याले. माह्याच मुळं गेला तो."

हे तिने आजवर कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. मुखरूने खिडकीच्या गजाला धरलं आणि सागाच्या वाळक्या पानांकडे पाहत राहिला.

कारण लटारू प्यायलेला नव्हता, हे जगात एकट्या मुखरूला माहीत होतं.

तळ्यात जाळं फेकताना दोरी मनगटाला बांधतात, पुराच्या नदीत मुठीत धरतात. जाळं बुडालेल्या झाडात अडकलं तर तळ्यात माणूस ओढून काढू शकतो, पुरात जाळंच माणसाला ओढून नेतं. ढिवराच्या लेकराला हे शिकवावं लागत नाही. लटारूनेही एका आषाढात अडकलेल्या जाळ्याची दोरी सोडून दिली आणि हातपाय मारत काठाला आला. शहाणपणाचंच केलं. पण ते जाळं मुखरूने चार महिने बसून विणलेलं, अगदी नवं होतं. मुखरूचं डोकं फिरलं. त्याने भावाला हाताला धरून कॅलेंडरापुढे उभं केलं.

"हा पाह्य. किती पानी हाये याच्यासमोर. याच्या हातची दोरी सुटते काय? बांधून ठेवते हा मनगटाले. जाळ्याची कदर हाये त्याले."

"हात तर पट्टीखाली हाये भाऊ. बांधली का धरली, तुले काय मालूम?"

"बांधलीच हाये. यापुढं तूही बांधाची. नाईतर माह्या जाळ्याले हात लावाचा नाई."

लटारू हसला, पण थोरल्याचा शब्द त्याने मोडला नाही. पुढच्या वर्षी श्रावणात तो बुडाला. दुसऱ्या दिवशी तीन कोस खाली, बाभळीच्या झुडपात, मुखरूलाच तो आधी सापडला. दोरी डाव्या मनगटात रुतली होती, दोन वेढे आणि वर गाठ, आणि जाळं पाण्याखाली झाडाला धरून होतं. बाकीची माणसं वळणामागे होती. मुखरूने कमरेचा चाकू काढला, दोरी कापली, जाळं प्रवाहात सोडून दिलं आणि मग ओरडला. सरकारी कागदावर बुडून मृत्यू एवढंच लिहून आलं. तेराव्याला कुणीतरी म्हणालं की एवढा पोहणारा माणूस, पिलेला असन. मुखरू तिथेच बसला होता. त्याने मान वर केली नाही, आणि तेवढ्यावर लटारू गावासाठी बेवडा झाला.

तेव्हापासून मुखरूने एक पळवाट जपून ठेवली होती. जपानवाल्याची दोरी बांधलेली असेल तर आपण खोटं बोललो नाही. एवढा जाणता माणूस पुरात दोरी बांधतो, तर आपणही भावाला वावगं काही सांगितलं नाही, बाकी नशीब. आणि मोकळी असेल तर? तर मग सांगून टाकायचं, असं त्याने काल घरातून निघायचं ठरलं तेव्हाच स्वतःशी कबूल केलं होतं. म्हणून तर ट्रक कलंडल्याचं त्याला बरं वाटलं.

पण बांबू उचलायला जवळच्या गावातली माणसं धावून आली आणि पाऊण तासात रस्ता मोकळा झाला. आपल्याकडे नको तिथे माणसं फार मदतीला येतात.

चंद्रपुरात कॉलेजच्या सभागृहापाशी पोचले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. दाराशी हर्षा नावाची एक विद्यार्थिनी गळ्यात ओळखपत्र घालून उभी होती. एका वेळी दहाच माणसं आत सोडत होते, दहा मिनिटांसाठी. ही शेवटची फेरी, आणि आठ माणसं आधीच झाली होती.

"दोनच जण जाऊ शकतील," हर्षा म्हणाली. "आणि आत उजेड कमी आहे काका, सांभाळून. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा कागद आहे, जास्त उजेडाने रंग उडतो."

"तुम्ही दोघं जा," मयुरी म्हणाली. "मी इथीच थांबते. तुमचाच हाये तो जपानवाला."

मुखरूने रंजीताकडे पाहिलं नाही, रंजीताने मुखरूकडे पाहिलं नाही. ही दोन माणसं, निरोपापुरती सोडली तर, कधी एका खोलीत एकटी थांबली नव्हती. "तूच जा ना आईसंगं," मुखरू मयुरीला म्हणाला. मयुरीने डोळे मोठे केले. सोळा वर्षं कोण त्या चित्राला डोळ्यात साठवत होतं, असं तिने विचारलं, आणि त्याला पाठीवर हात ठेवून आत ढकललं. मुखरूने दारातच चपला काढल्या. हर्षा म्हणाली, असू द्या काका, पण त्याने काढल्याच.

आत थंड होतं. भिंतींवर पुष्कळ चित्रं होती, डोंगर, पूल, पावसात छत्र्या घेऊन चाललेल्या बाया. मुखरूने एकही पाहिलं नाही. त्याचं चित्र शेवटच्या भिंतीवर होतं आणि ते त्याला लांबूनच ओळखू आलं. तो पुढे निघाला. मागून रंजीताच्या नव्या चपलेचा आवाज येत होता, चार पावलं अंतर ठेवून.

पहिला धक्का बसला तो चित्राच्या आकाराचा. कॅलेंडर चांगलं हातभर होतं, आणि हे खरं चित्र जेमतेम दीड वीत रुंद. एवढ्याशा कागदात ती सगळी नदी मावली होती. मग निळा रंग. कॅलेंडरावरचा निळा कपडे धुवायच्या निळीचा होता. इथला निळा काठाशी फिका आणि आत जाता जाता गर्द होत गेला होता, जसं पाणी खोल होताना खरंच होतं. जाळ्याच्या रेषा केसापेक्षा बारीक होत्या आणि तरी प्रत्येक घर पुरं होतं. जवळची कड आधी खाली येत होती, लांबची अजून हवेत होती. मुखरूला वाटलं, आता जाळ्याच्या कडेला ओवलेल्या शिशाच्या गोळ्यांचा पाण्यावर आवाज येईल. त्याचे डोळे भरून आले. ज्याला कधी भेटू अशी आशा नव्हती ते माणूस समोर यावं आणि आपल्याकडे बोलायला काही नसावं, असं त्याला झालं. हात जोडावे की काय ते कळेना, म्हणून त्याने जोडले. काही क्षण तो खरोखरच विसरला की आपण काय पाहायला आलो आहोत.

"काका, रेषेच्या मागे राहा," मागोमाग आत आलेली हर्षा लांबून म्हणाली.

तो मागे सरकला, आणि नजर आपोआप खाली गेली.

लाल पट्टी नव्हती. दुकानाचं नाव नव्हतं. डावा हात पुरा दिसत होता. दोरी कोपरावरून उतरत होती आणि मनगटाला दोन वेढे घालून गाठ मारलेली होती. गाठीतून उरलेलं दोरीचं टोकसुद्धा चित्रकाराने सोडलं नव्हतं.

बांधलेली होती. मुखरूचंच खरं होतं.

त्याच्या छातीवरचा धोंडा असा काही उतरला की तो मोठ्याने हसलाच. लटाऱ्या, पाह्य, काय म्हनत होतो मी. ओठांवर आलेले शब्द घेऊन तो डावीकडे वळला, जिथे चित्र पाहताना लटारू कायम उभा असायचा. तिथे रंजीता उभी होती. डोक्यावर पदर घेऊन, मान पुढे काढून, ती जपानवाल्याच्या हाताकडेच पाहत होती. ढिवराची लेक आणि ढिवराची बायको, तिला चित्र कसं पाहतात ते माहीत नव्हतं, पण पाणी आणि दोरी तिने जन्मभर पाहिली होती.

मुखरूचं हसू तिथेच थांबलं. सहा वर्षं जी गोष्ट खरी निघावी म्हणून त्याने जीव टांगणीला लावला होता, ती खरी निघाली होती, आणि तरी लटारू आलेला नव्हता. बाभळीत सापडलेल्या हातालाही असेच दोन वेढे होते. चित्रातल्या माणसाचं पुढे काय झालं ते कुणी काढून ठेवलं नव्हतं. कदाचित त्याचंही जाळं अडकलं असेल.

आता गप्प राहायचं, एवढंच राहिलं होतं. ठरलंही तसंच होतं. बांधलेली असली तर गप्प. दहातली पाच-सहा मिनिटं उरली असतील, ती निघून गेली की बाहेर मयुरी भेटली असती, चहा झाला असता, परतीची गाडी मिळाली असती.

रंजीता बोलली. बाकीची माणसं लांब, दुसऱ्या चित्रांपाशी होती, तिसरं कुणी जवळ नव्हतं, म्हणून ती चित्रातल्या माणसाशी बोलली.

"एवढ्या पुरात दोरी काऊन बांधली रे बापा हाताले? जाळं अटकलं तर जाशीन ना तू." मग जराशाने, आणखी हळू, "घरी कोनी सांगतलं काय तुले, बांधत जा म्हनून?"

प्रश्न मुखरूला नव्हता. रिवाजाप्रमाणे त्याला उत्तर द्यायचं बंधन नव्हतं. जपानवाला तर काही बोलणार नव्हताच. मुखरूला कळलं की आपण आता गप्प राहिलो तर पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, आणि परवा ती पोरगी पाहुण्यांपुढे खाली मान घालून सांगेल, की माझा बाप पिऊन मेला.

"म्या सांगतलं," तो म्हणाला.

रंजीताची नजर चित्रातल्या दोरीवरच होती.

"लटारूले म्या सांगतलं होतं, पुरातही दोरी बांधत जा. याच चितराकडं बोट दाखवून सांगतलं. नवं जाळं गेलं म्हनून रागात होतो. थो नाई म्हनत होता. थोरला म्हनून ऐकलं त्यानं." मुखरू आता तिच्याकडे वळून बोलत होता, थेट, आणि थांबणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं. "सापडला तवा दोरी हातात होती. म्या कापली. जाळं सोडून देल्लं. लोकायनं म्हटलं पिला होता, म्या म्हनू देल्लं."

रंजीताने मान वर केली. पदर खांद्यावर आला होता, तो तिने सावरला नाही. पंचवीस वर्षांत तिने पहिल्यांदा भासऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि मुखरूला वाटलं की आता हिने तोंडावर मारावं, म्हणजे बरं.

"वास नव्हता त्याच्या तोंडाले?"

"नाई."

"पक्कं सांगा."

"नव्हता. माह्या लटारूनं थेंब नव्हता घेतला."

ती पुन्हा चित्राकडे वळली. हर्षा जवळ आली, वेळ झाली असं सांगायला, पण दोघांचे चेहरे पाहून दोन पावलं मागेच थांबली.

"सहा वर्सं त्याच्या फोटूले हार नाई घातला म्या," रंजीता म्हणाली. आवाजात रडू नव्हतं. "बेवड्याले काऊन घालाचा हार, म्हने मी. सनावाराले बाकीच्यायले घाले, त्याले नाई. तुम्ही पाहत होते. त्याच खोलीत बसून पाहत होते."

तो खरोखरच त्याच खोलीत बसून पाहत होता.

"माफी मांगतो," तो म्हणाला.

"मले मांगू नका. मले नाई देता येत आज." तिने डोळे पुसले आणि दाराकडे बोट केलं. "पोट्टी बाहेर उभी हाये. तिले आधी सांगा. मंग परवा पाहुन्यायसमोर सांगा, मंग गावाले सांगा. मी बाजूले उभी राहीन. एक शबद कमी सांगतला तर मी सांगीन."

ती पुढे झाली आणि तो मागून गेला. चपला त्याने हातातच घेतल्या. दाराबाहेर एवढा उजेड होता की त्याला काही वेळ नुसती मयुरीची आकृती दिसली, फोन हातात घेऊन उभी असलेली.

"काय मोठेबाबा, दिसला का जपानवाल्याचा हात?" तिने हसत विचारलं, आणि मग आईकडे पाहून तिचं हसू गेलं. "काय झालं?"

मुखरू पायरीवर बसला. मयुरी त्याच्यासमोर उकिडवी बसली. रंजीता बाजूला उभी राहिली.

"मयुरी, तुया बाप पिला नव्हता," मुखरू म्हणाला.